विज्ञान व गणिताच्या भावी शिक्षकांसाठी शिष्यवृत्त्या (नांदेड व लातूर जिल्हे)

महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत विज्ञान किंवा गणित विषयांत पदवी घेऊन शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना मिळणारे आर्थिक साहाय्य अनेक स्वतंत्र योजनांमध्ये विभागलेले आहे. त्यांत केंद्र शासनाच्या गुणवत्ताधारित शिष्यवृत्त्या, राज्य शासनाच्या शुल्क प्रतिपूर्ती व निर्वाह भत्त्याच्या योजना आणि शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमांसाठीच्या सवलती यांचा समावेश होतो. विज्ञानाला प्रोत्साहन देणाऱ्या योजना विद्यार्थी शिक्षक होणार की नाही हे विचारत नाहीत, तर बी.एड.च्या काळातील सवलती त्याने पदवीला कोणता विषय घेतला होता याची दखल घेत नाहीत. या दोन टोकांमधले अंतर विद्यार्थी आणि त्याचे कुटुंब यांना स्वतःच पार करावे लागते.

दोन्ही जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेड येथे झाली. परभणी व हिंगोली हे जिल्हेही त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत आणि लातूर येथे त्याचे उपकेंद्र आहे. ज्यांचे नाव विद्यापीठाला दिले आहे ते स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करण्यापूर्वी हिप्परगा व अंबाजोगाई येथील शाळांत शिक्षक होते.

पार्श्वभूमी

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि त्यासाठी हैदराबादेस जावे लागे. विभागात महाविद्यालये उभी राहू लागली ती १९५० नंतर. औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय आणि नांदेडचे पीपल्स कॉलेज ही त्यांतली पहिली नावे. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर लातूरचे दयानंद महाविद्यालय (१९६१), नांदेडचे यशवंत महाविद्यालय (१९६३) आणि लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय (१९७०) सुरू झाले. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हेच पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

गेल्या काही दशकांत लातूरची ओळख ‘लातूर पॅटर्न’ या नावाने राज्यभर झाली आहे. बारावीचा अभ्यासक्रम लवकर पूर्ण करायचा, त्यानंतर सराव परीक्षांची मालिका लावायची आणि वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांची एकाग्र तयारी करून घ्यायची, अशी ही पद्धत आहे. नांदेडमध्येही खासगी शिकवणी वर्गांचा विस्तार मोठा आहे. दोन्ही शहरांत परजिल्ह्यांतील हजारो विद्यार्थी खोल्या घेऊन राहतात. अकरावी-बारावीच्या विज्ञान वर्गांत बसणाऱ्यांपैकी बहुतेकांचे लक्ष्य नीट किंवा जेईई असते. बी.एस्सी.कडे वळणारा विद्यार्थी पुष्कळदा त्या परीक्षांत जागा न मिळालेला असतो, आणि घरात त्याच्या निवडीकडे दुसरा पर्याय म्हणूनच पाहिले जाते. याच शिकवणी वर्गांना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणिताचे चांगले शिक्षक हवे असतात. ज्या विषयाच्या शिक्षकाला बाजारात मागणी आहे, त्याच विषयाच्या शालेय शिक्षकाला नियुक्तीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. शिष्यवृत्तीचा प्रश्न या विसंगतीपासून वेगळा काढता येत नाही.

सेवेशी बांधलेल्या शिष्यवृत्तीची कल्पना

विद्यार्थ्याला शिकताना पैसे द्यायचे आणि त्याबदल्यात त्याने ठरावीक काळ शिकवायचे, ही कल्पना जगात व महाराष्ट्रातही नवी नाही. पेशवाईत श्रावण महिन्यात विद्वानांना दिली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमदानीत काही काळ चालू राहिली. पुढे तिच्या निधीतून महाविद्यालयांत दक्षिणा अधिछात्रवृत्ती दिल्या जाऊ लागल्या. त्या मिळालेले पदवीधर स्वतःचा पुढचा अभ्यास करत असतानाच खालच्या वर्गांना शिकवत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे या अधिछात्रवृत्तीचे मानकरी होते. दक्षिणा अधिछात्रवृत्ती याच नावाची योजना राज्य शासनाच्या यादीत आजही आहे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९३५ मध्ये ग्रामीण भागासाठी शिक्षक घडवणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. गरीब विद्यार्थ्याने श्रम करून शिकावे आणि शिकून पुन्हा खेड्यात शिकवावे, हा त्यामागचा विचार होता.

अमेरिकेतील रॉबर्ट नॉइस शिक्षक शिष्यवृत्ती कार्यक्रम हे या कल्पनेचे आजचे ठळक उदाहरण आहे. २००२ च्या कायद्यान्वये तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानामार्फत तो चालतो. विज्ञान, गणित, तंत्रज्ञान वा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळते. शिष्यवृत्तीच्या प्रत्येक वर्षामागे त्याने शिक्षकांची निकड असलेल्या शालेय क्षेत्रात दोन वर्षे शिकवणे बंधनकारक असते. अट न पाळल्यास शिष्यवृत्तीचे रूपांतर परतफेडीच्या कर्जात होते. इंग्लंडमध्येही गणित व भौतिकशास्त्राच्या भावी शिक्षकांना प्रशिक्षणाच्या वर्षात विशेष भत्ते दिले जातात. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांना सेवेचा बंध परिचित आहे, मात्र तो शिक्षकी पेशापर्यंत पोचलेला नाही.

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या दृष्टीने महत्त्वाची तरतूद आहे. धोरणातील शिक्षकांविषयीच्या पाचव्या प्रकरणात चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.साठी देशभर मोठ्या संख्येने गुणवत्ताधारित शिष्यवृत्त्या सुरू करण्याचे म्हटले आहे. ग्रामीण भागासाठी विशेष शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना त्यांच्याच परिसरात नोकरीत प्राधान्य मिळावे, असेही त्यात नमूद आहे. स्थानिक भाषा बोलणारा शिक्षक खेड्यातच टिकावा हा त्याचा हेतू आहे. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात गोंडी, कोलामी व बंजारा बोलणारी, देगलूर-बिलोलीच्या सीमेवर तेलुगू आणि उदगीर-देवणीच्या बाजूला कन्नड कानावर पडणारी मुले ज्या जिल्ह्यांत शाळेत येतात, तेथे ही तरतूद विशेष अर्थपूर्ण ठरते. पुढे वर्णिलेल्या प्रचलित योजनांपैकी एकीतही मात्र शिष्यवृत्ती आणि स्थानिक नियुक्ती यांची अशी सांगड नाही.

पदवीच्या काळातील शिष्यवृत्त्या

विज्ञान शाखेच्या पदवीधरांसाठी रकमेच्या दृष्टीने सर्वांत मोठी योजना म्हणजे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर’ उच्च शिक्षण शिष्यवृत्ती. २००८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला ८०,००० रुपये मिळतात. त्यांपैकी ६०,००० रुपये थेट विद्यार्थ्याला दिले जातात आणि २०,००० रुपये उन्हाळी सुटीत एखाद्या मार्गदर्शकाच्या हाताखाली केलेल्या संशोधन प्रकल्पासाठी असतात. आपापल्या मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत पहिल्या एक टक्क्यात आलेले, वय १७ ते २२ दरम्यान असलेले आणि मूलभूत विज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेतलेले विद्यार्थी अर्ज करू शकतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भूगर्भशास्त्र यांसारखे १८ विषय ग्राह्य धरले जातात. अभियांत्रिकी, वैद्यक व इतर व्यावसायिक पदव्या त्यात बसत नाहीत.

नांदेड व लातूर हे जिल्हे राज्य मंडळाच्या लातूर विभागीय मंडळात येतात. पहिला एक टक्का मात्र विभागाचा नव्हे, तर संपूर्ण राज्य मंडळाचा मोजला जातो. बारावीला तितके गुण मिळवणारे बहुतेक विद्यार्थी वैद्यकीय व अभियांत्रिकीकडे जातात. त्यामुळे पात्र असूनही बी.एस्सी.ला आलेला विद्यार्थी महाविद्यालयात एखाददुसराच असतो, आणि त्याला या योजनेची माहिती देणारे कोणी असेलच असे नाही. दरवर्षी गुणपत्रक सादर करणे आणि प्रकल्प अहवाल देणे बंधनकारक आहे. लहान गावातील महाविद्यालयात प्रकल्पासाठी प्रयोगशाळा व मार्गदर्शक मिळवणे हाच अनेकदा सर्वांत कठीण भाग ठरतो.

इन्स्पायर शिष्यवृत्ती जास्तीत जास्त पाच वर्षे, म्हणजे बी.एस्सी. व एम.एस्सी. पूर्ण होईपर्यंत मिळू शकते. पूर्ण कालावधीचा हिशोब केला तर ही रक्कम ४,००,००० रुपये होते. तीन वर्षांनी विज्ञान सोडून बी.एड.ला जाणाऱ्याची शिष्यवृत्ती तेथेच थांबते, कारण शिक्षणशास्त्र हा मूलभूत विज्ञानाचा विषय नाही. योजनेचा उद्देश संशोधक घडवणे हा असल्याने यात नियमभंग काही नाही. तथापि शाळेत गणित शिकवू इच्छिणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला एम.एस्सी.ची दोन वर्षे पैशासह मिळतात आणि बी.एड.ची दोन वर्षे पैशाविना, आणि त्याचा निर्णय कोणत्या बाजूला झुकेल हे उघड आहे.

यानंतर येते ती केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती. बारावीत आपल्या मंडळाच्या ८० शततमकाच्या वर असलेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांना ती मिळते. पदवीला वर्षाला १२,००० रुपये व पदव्युत्तर स्तरावर २०,००० रुपये असे तिचे स्वरूप आहे. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यांतील निम्म्या मुलींसाठी असतात. विज्ञान, वाणिज्य व कला शाखांमध्ये त्या ३:२:१ या प्रमाणात वाटल्या जातात. ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याला दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी कोणती रक्कम मोठी आणि कोणती खात्रीची, याचा विचार विद्यार्थ्याला करावा लागतो.

राज्य शासनाच्या उच्च शिक्षण विभागाकडे गणित व भौतिकशास्त्रात उच्च गुणवत्ता दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. विषयाच्या नावाने दिली जाणारी ही राज्याची योजना तत्त्वतः या लेखाच्या विषयाला सर्वांत जवळची आहे. तिची रक्कम मात्र आजच्या खर्चाच्या मानाने नाममात्र आहे.

सामाजिक न्यायाच्या व निर्वाहाच्या योजना

प्रत्यक्षात या दोन जिल्ह्यांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांचे शिक्षण गुणवत्ता शिष्यवृत्तीवर चालत नाही. ते भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर आणि राज्याच्या शुल्क प्रतिपूर्तीवर चालते. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. देशातील सर्वांत जुन्या शैक्षणिक योजनांपैकी ती एक आहे. तिच्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. २०२१ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार बी.एस्सी.सारख्या पदवीला शुल्काव्यतिरिक्त वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला ६,००० व घरून ये-जा करणाऱ्यास ३,००० रुपये शैक्षणिक भत्ता मिळतो. अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी समांतर योजना आहेत. यांत न बसणाऱ्या व आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे.

शुल्क माफ झाले तरी खोलीचे भाडे आणि खानावळीचा खर्च राहतोच. लातूर व नांदेडमध्ये शिकवणी वर्गांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे खोल्यांचे भाडे चढे असते, आणि त्याचा भार बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यावरही पडतो. यासाठी २०१६-१७ पासून दोन योजना सुरू झाल्या. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. दोन्हींत भोजन, निवास व इतर खर्चाची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते आणि ती शहराच्या वर्गवारीनुसार बदलते. नांदेड जिल्ह्यातील आदिवासी विद्यार्थ्यांसाठी किनवट येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय महत्त्वाचे आहे. इतर मागासवर्गीयांसाठी पुढे ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. कोरडवाहू शेती व वारंवारचा दुष्काळ असलेल्या या भागात तिचे लाभार्थी होऊ शकणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना यांना पूरक ठरते.

बहुतेक अर्ज ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर भरले जातात. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, रहिवास प्रमाणपत्र, मागील वर्षाचे गुणपत्रक आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही नेहमीची कागदपत्रे आहेत. अर्ज प्रथम महाविद्यालयाच्या लिपिकाकडे व नंतर संबंधित विभागाच्या कार्यालयाकडे तपासला जातो. त्रुटी दाखवून परत आलेला अर्ज मुदतीत पुन्हा न पाठवल्यास ते वर्ष हातचे जाते. पैसे अनेकदा शैक्षणिक वर्ष उलटल्यावर जमा होतात. अशा वेळी मधल्या काळात उसनवारीशिवाय मार्ग नसतो.

बी.एड.चा टप्पा

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या निकषांनुसार नववी-दहावीला शिकवण्यासाठी किमान ५० टक्के गुणांसह पदवी व बी.एड. आवश्यक आहे, तर अकरावी-बारावीसाठी विषयातील पदव्युत्तर पदवी व बी.एड. लागते. बी.एड.चा अभ्यासक्रम पूर्वी एक वर्षाचा होता. परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनंतर तो २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. शालेय छात्रसेवेचा कालावधी वाढला हा त्याचा लाभ आहे. तथापि कमावत्या वयाचे आणखी एक वर्ष शिकण्यात जाऊ लागले आणि शुल्काचा बोजा दुप्पट झाला.

बी.एड.चे प्रवेश राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या परीक्षेतून होतात. हा व्यावसायिक अभ्यासक्रम मानला जात असल्याने राखीव जागेवरील प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. बी.एस्सी.ला ज्याची कधी गरज पडली नव्हती, ते प्रमाणपत्र नेमके या वळणावर मागितले जाते. मराठवाड्यात पूर्वजांच्या नोंदी निजामकालीन महसुली व शालेय दप्तरांत आणि पुष्कळदा उर्दूत असतात, त्यामुळे पुरावा शोधून त्याचे भाषांतर करून घ्यावे लागते. जाणकार प्राध्यापक विद्यार्थ्याला पदवीच्या पहिल्याच वर्षी वैधतेचा अर्ज करण्यास सांगतात.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व शुल्क प्रतिपूर्ती बी.एड.लाही लागू आहे, मात्र व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील, आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्णपणे शासन भरते. केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणे ही त्याची अट आहे. बी.एस्सी. झालेल्या ग्रामीण मुलीसाठी ही सवलत मोठी आहे. ‘लग्नाआधी एक पदवी पुरे’ असे म्हणणाऱ्या घरात शुल्काचे कारण तरी त्यामुळे उरत नाही.

एकात्मिक अभ्यासक्रम

बारावीनंतर थेट चार वर्षांत विज्ञान व शिक्षणशास्त्र दोन्हींची पदवी देणारा अभ्यासक्रम हा या कोंडीवरचा जुना उपाय आहे. १९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये स्थापन झाली, ती मुख्यतः अशा अभ्यासक्रमांसाठीच. ती आज राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या प्रादेशिक शिक्षण संस्था म्हणून ओळखली जातात. महाराष्ट्र भोपाळच्या संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतो. तेथील विद्यार्थ्यांसाठी संस्थेच्या शिष्यवृत्त्या आहेत आणि अभ्यासक्रमाच्या आवारातच प्रात्यक्षिक शाळाही आहे. शिक्षक होण्याचे ठरवूनच बारावी झालेल्या नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याला हा मार्ग आर्थिकदृष्ट्या सर्वांत सुटसुटीत पडतो, परंतु शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत त्याचे नाव सहसा दिसत नाही.

नव्या धोरणानुसार एकात्मिक शिक्षक शिक्षण कार्यक्रम २०२३-२४ पासून निवडक संस्थांमध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. त्याची राष्ट्रीय सामायिक प्रवेश परीक्षा १३ भाषांत होते, त्यांत मराठी आहे. बारावी ते शिक्षक पात्रता हे अंतर पाचऐवजी चार वर्षांवर येते आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी विद्यार्थी नियुक्तीस पात्र होऊ शकतो. बी.एस्सी., एम.एस्सी. व बी.एड. अशा क्रमाने जाणारा विद्यार्थी तेथे पंचविशीत पोचतो.

विषयाची गोडी लावणारे उपक्रम

काही उपक्रम शिष्यवृत्ती या नावाने ओळखले जात नाहीत, पण प्रवास, निवास व भोजनाचा खर्च उचलून विद्यार्थ्याला विषयाच्या गाभ्याशी नेतात. १९९३ मध्ये प्रा. एस. कुमारेशन यांच्या पुढाकाराने सुरू झालेला गणित प्रशिक्षण व प्रतिभाशोध कार्यक्रम हा त्यांत अग्रगण्य आहे. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या अर्थसाहाय्याने उन्हाळ्यात होणाऱ्या या निवासी शिबिरांत व्याख्यान देण्यापेक्षा प्रश्न विचारून विद्यार्थ्यालाच सिद्धतेपर्यंत नेण्यावर भर असतो. सराव परीक्षांत वाढलेल्या विद्यार्थ्याला ही पद्धत सुरुवातीला अवघड जाते. भावी शिक्षकासाठी मात्र वर्ग कसा चालवावा याचा तो प्रत्यक्ष पाठच असतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी स्तरावरील राष्ट्रीय उपक्रम (२००४ पासून) आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची माधव गणित स्पर्धा यांचाही येथे उल्लेख करावा लागतो. नांदेडच्या विद्यापीठात गणितीय शास्त्रांचे स्वतंत्र संकुल आहे. अशा शिबिरांची माहिती जिल्ह्यांत पोचते ती बहुधा महाविद्यालयातील एखाद्या उत्साही प्राध्यापकामार्फत.

नियुक्तीपर्यंतचा काळ

मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षक भरतीवर निर्बंध आले आणि पुढील काही वर्षे बी.एड. झालेल्यांची संख्या साचत गेली. २०१७ मध्ये ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीद्वारे भरतीची नवी पद्धत आली. तिच्यासाठी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी घेते. ही चाचणी डिसेंबर २०१७, २०२३ व २०२५ मध्ये झाली. म्हणजे पहिल्या दोन चाचण्यांत पाच वर्षांहून अधिक अंतर पडले. २०० गुणांपैकी १२० गुण अभियोग्यतेला व ८० गुण बुद्धिमत्तेला असतात. उमेदवाराचा पदवीचा विषय तीत तपासला जात नाही. गणितात विद्यापीठात पहिला आलेला आणि काठावर उत्तीर्ण झालेला असे दोघेही येथे एकाच रांगेत उभे असतात. खासगी अनुदानित संस्थांना मुलाखतीद्वारे निवड करण्याचा पर्यायही प्रणालीत आहे.

सहावी ते आठवीसाठी याखेरीज शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. राज्यात ती प्रथम डिसेंबर २०१३ मध्ये झाली. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) अनुसूचीप्रमाणे या वर्गांसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक शिक्षक हवा, त्यामुळे विज्ञान पदवीधराला येथे निश्चित स्थान आहे. पहिली ते पाचवीसाठी मात्र बी.एड. ग्राह्य नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. त्या वर्गांसाठी बारावीनंतरची शिक्षणशास्त्र पदविकाच लागते.

निवड झालेल्या उमेदवाराची पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून जातात. २००० मध्ये सुरू झालेल्या या योजनेतील मानधन दीर्घकाळ फार कमी होते. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० व उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये दरमहा करण्यात आले. बी.एड. पूर्ण होणे आणि शिक्षण सेवक म्हणून रुजू होणे यांमधील काळासाठी वर वर्णिलेल्यांपैकी एकही शिष्यवृत्ती वा भत्ता लागू नाही. या काळात अनेक पदवीधर विनाअनुदानित शाळांत, कनिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर किंवा लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत काम करतात.